बर्फाला दहापैकी दोन

आमच्या आळीत विकत घ्यायच्या वस्तूला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. वस्तू मनात भरली की तिच्यात खोट काढायची, आणि फारच भरली तर विकणाऱ्याच्या घराण्यातही काढायची. आई पालघरच्या बाजारात लुगडं घ्यायला जायची तेव्हा मी लाजेने दुकानाबाहेरच उभी राहायचे. आत आई ते लुगडं दोन्ही हातांनी उजेडात धरून दुकानदाराला विचारायची, "हे नेसायचं हाय का मासे धरायचं?" मग ते फेकल्यासारखं करायची, पण नीट घडीवर पडेल असं. मग उठायची आणि दुकानाची पायरी इतक्या सावकाश उतरायची की नवख्याला वाटावं, बाईचा पाय दुखतोय. पाय ठणठणीत होता. दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून ती सवलत होती. हाक यायचीच. मग परत आत, परत नावं ठेवणं, आणि शेवटी लुगडं काखेत मारून बाहेर आली की स्टेशनपर्यंत म्हणत राहायची, "काय पोत हाय बघ गो."

विकायला बसल्यावर हाच खेळ उलट्या बाजूने चालायचा. बोईसरच्या बाजारात गिऱ्हाईक आईच्या पापलेटाचा कल्ला उघडून नाक मुरडायचं, "परवाचं दिसतंय." आई म्हणायची, "परवाचंच हाय. तू परवा आली नाय म्हणून तुज्यासाटी राखून ठेवलंय." यात कुणाला राग यायचा नाही. राग यायचा तो गोड बोलणाऱ्याचा. एखादी बाई पाटीपाशी वाकून "वा, किती छान ताजी मासळी" म्हणाली की आई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. कारण छान म्हणणारी घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नुसती वाकायला आलेली असायची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जो घोळ झाला तो याच्यामुळे झाला. साठीच्या दशकात, आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर, एका शिकलेल्या माणसाने आमच्या आळीचं समाधान मोजलं.

बर्फ आमच्याकडे उशिरा आला. मी लहान होते तेव्हा होडी किनाऱ्याला लागली की मासळी वाळूवर ओतायची आणि दलाल सांगेल त्या भावाने उचलून द्यायची. दलालाला घाई नसायची. बोंबील असले तर बायका बांबूंवर वाळत घालू शकायच्या, पण पापलेट काय वाळत घालणार? ऊन वर चढायचं, मासळीचे डोळे पांढरे पडायला लागायचे, आणि भाव खाली यायचा. दलाल विडी ओढत उभा राहायचा आणि त्याच्या वतीने ऊनच घासाघीस करायचं.

मग तारापूरला मोठ्या वीजप्रकल्पाचं बांधकाम निघालं, बोईसरला कामगार आले, त्यांच्यामागे हॉटेलं आली, सोडावाले आले आणि स्टेशनजवळ बर्फाचा एक कारखाना आला. त्याच्या मालकाला सगळे मोठे शेठ म्हणायचे. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन त्यांची लॉरी रोज पहाटे आमच्या किनाऱ्यावर यायला लागली. आणि बायकांना दलालासमोर एक नवा शब्द बोलता यायला लागला, तो म्हणजे नाही. त्याने पडता भाव सांगितला की आई मासळीवर फोडलेला बर्फ पसरायची, वर ओलं गोणपाट टाकायची आणि म्हणायची, "नाय देत. जा." मग पाट्या उचलून बायका एसटीने बोईसर नाहीतर वाणगाव गाठायच्या आणि बाजारभावाने मासळी विकायच्या. आमच्या घरावर कौलं चढली ती त्या नाहीवर, आणि मी मॅट्रिक झाले तीही त्या नाहीवर. बर्फ नसता तर आईने मला सातवीतच पाट्या धुवायला बसवलं असतं, हे ती मला भांडणात अधूनमधून ऐकवायची.

आता ज्या बर्फावर आपलं घर उभं आहे त्याला आई काय म्हणायची? लॉरी थांबायच्या आत सुरू व्हायची. "आला मेला रडत रडत. निम्मा रस्त्यातच सांडून आला. याला लादी म्हनतात? आमच्याकडं पाटा याच्यापेक्षा मोटा असतो." मोठे शेठ पुष्कळदा स्वतः लॉरीत पुढच्या सीटवर बसून यायचे. धोतर सावरत उतरायचे आणि तेवढ्याच जोरात उत्तर द्यायचे, की या लादीने मी मुंबईतली मोठमोठी हॉटेलं गार करतो आणि तुम्हाला तिची किंमत नाही. आई म्हणायची, मग मुंबईलाच न्या. शेठ म्हणायचे, नेतोच. ड्रायव्हर गाडी चालू करायचा, आई पाठ फिरवायची, कुणीतरी कुणाला तरी हाक मारायचं, आणि भाव ठरायचा. तो कालचाच असायचा. मला वाटतं मोठे शेठ बर्फ विकायला येतच नव्हते, ते भांडायला यायचे आणि बर्फ सोबत आणायचे.

मोठ्या शेठांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हा ते ऑपरेशन म्हणजे मोठं प्रकरण होतं. मुंबईला न्यायचं, डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या आणि माणसाला कितीतरी दिवस निजवून ठेवायचं. ते तिकडे निजले आणि इकडे कारखाना त्यांच्या मुलाच्या हातात आला. हे धाकटे शेठ. मुंबईत कुठेतरी व्यापाराचं नवं शास्त्र शिकून आले होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याला सगळ्यांचं भलं करायचं होतं, आणि अशा माणसापुढे हात टेकावे लागतात.

मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते, मास्तरणीच्या कोर्सला नंबर लागायची वाट बघत. किनाऱ्यावरच्या बायकांशी बोलू शकेल आणि शुद्ध लिहू शकेल असं कुणीतरी धाकट्या शेठांना हवं होतं. लॉरीच्या ड्रायव्हरने माझं नाव सुचवलं. मी गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, 'तुम्ही' म्हणाले आणि सांगितलं, "आपल्याला ग्राहकांचं समाधान मोजायचं आहे."

मासळी मोजतात, कापड मोजतात, शाळेत छड्या मोजतात, हे मला माहीत होतं. समाधान मोजतात हे नवीन होतं. मी विचारलं, "कशाने मोजायचं?" ते म्हणाले, "गुणांनी. दहापैकी." आणि त्यांनी प्रश्न वाचून दाखवला: आमच्या उत्तम बर्फाने आपले कितपत समाधान झाले? मी म्हटलं, "उत्तम आहे हे आपणच सांगितल्यावर त्यांनी काय सांगायचं?" ते म्हणाले की प्रश्न मुंबईच्या सरांनी तपासलेला आहे. मुलगी बघायला आलेल्यांना "आमची गुणी मुलगी कशी वाटली?" असं विचारण्यातला हा प्रश्न होता. पण पगार मिळणार होता, खुर्ची मिळाली होती, मी गप्प बसले.

सुरुवात आमच्याच किनाऱ्यापासून केली. धाकटे शेठ स्वतः आले. पाटलोण वर खोचून, बूट हातात धरून ते वाळूतून चालत आले तेव्हाच बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. पहिली आई. मी प्रश्न आमच्या भाषेत विचारला. "यांचा बरफ कसा वाटतो? दहातले किती देशील?"

आईने धाकट्या शेठांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "दोन," ती म्हणाली. "ते पन तुज्या बापाकडं बघून." आणि पाठ फिरवून निघाली.

धाकट्या शेठांनी दोन लिहिले आणि ते पुढच्या बाईकडे वळले.

"थांबा," मी म्हटलं. "तिला हाक मारा."

"का?"

"ती थांबलीय."

आई खरंच थांबली होती. पाठमोरी, डोक्यावरची चुंबळ उगाच सोडून पुन्हा वळत होती. पायाशी पाटी तशीच होती. जगातल्या कुठल्याही दुकानदाराला कळलं असतं की ही बाई कुठेही चाललेली नाही.

"हाक मारा," मी परत म्हटलं. "पाचावर येईल. थोडा जोर लावलात तर सातावर येईल. ती सुरुवात होती."

धाकटे शेठ समजुतीने हसले. "अहो, ही काय वांगी आहेत? आमच्या शास्त्रात पहिलं उत्तर धरतात. पहिलं उत्तर मनातलं असतं."

मला हसू फुटलं. आमच्या आळीत पहिलं उत्तर मनातलं देणारा माणूस संध्याकाळच्या आत नागवला गेला असता. पण शास्त्रच ते, त्याला चिंचणीचा किनारा ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आईला हाक आली नाही. तिने चुंबळ आणखी एकदा सोडली, आणखी एकदा वळली, मग मान थोडी वळवून बघितलं तर धाकटे शेठ तिसऱ्या बाईपाशी पोचलेले. तिच्या चेहऱ्यावर मी जन्मात पहिल्यांदा बुचकळ्यात पडल्याचा भाव बघितला. "याला घासाघिशीचा येवार येत नाय," ती मला नंतर म्हणाली, आणि तिला त्याची खरोखर काळजी वाटत होती.

बाकीच्यांनी आईच्या वरताण केली. आई गावात बोलणारी मानली जायची, तिने दोन दिले म्हटल्यावर तिच्याहून जास्त कोण देणार? एकीने एक दिला आणि वर म्हणाली, "तो बी तवाच, जवा याच्यावर एक लादी फुकट टाकशील." एकीने शून्य दिलं आणि शेठला हाक मारायची संधी मिळावी म्हणून होडीच्या आडोशाला जाऊन बसली. एका म्हातारीने उलटं विचारलं, "तू बोल आदी. तू किती देतो?" धाकट्या शेठांना हे उत्तर कुठे लिहायचं ते कळेना. त्यांनी ते लिहिलंच नाही. सगळ्या चौकशीत तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य होतं, तेही वाया गेलं.

नंतर आम्ही तारापूरच्या बाजूच्या वाड्यांमध्ये गेलो. तिकडे चिकू, नारळ, फुलझाडं असलेली बागायतदार मंडळी. त्यांची रीत वेगळी. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, आणि तो जे विचारेल त्याला होय म्हणायचं. एका घरी आम्हाला ओटीवर बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. घरचे आजोबा म्हणाले, "बर्फ ना? फारच उत्तम. दहा लिहा. आमच्या घरातल्या सगळ्यांचे दहा दहा लिहा." धाकटे शेठ खुलले. मी सरबताचा घोट घेतला. ते माठातल्या पाण्याचं होतं. मी हळूच सुनेला विचारलं, बर्फ कधी आणता? ती म्हणाली, "दीर पडले होते माडावरून, तेव्हा पाय शेकायला आणलेला. नंतर कधी लागला नाय." त्या घराचे दहा दहा गुण धाकट्या शेठांनी ठळक अक्षरात लिहिले.

बोईसरला स्टेशनबाहेर एक सोडावाला होता, उत्तरेकडून आलेला. मालकाचा मुलगा स्वतः कागद घेऊन समोर आलेला बघून तो उभा राहिला. "साहब, दस लिखो," तो म्हणाला. "ग्यारह चलता हो तो ग्यारह लिखो." धाकटे शेठ पुढच्या हॉटेलाकडे गेले तसा तो माझ्याजवळ सरकला. "बहनजी, बर्फ तो ठीक है, लेकिन देर से आता है और टूटा हुआ आता है. मैं बोलूँगा तो कल से बिलकुल नहीं आएगा." मी हे जाऊन धाकट्या शेठांना सांगितलं. ते म्हणाले, "आता त्यांचं लिहून झालं." एका हॉटेलवाल्याने या कारखान्याचा बर्फ घेणंच सोडलं होतं, त्याच्याकडे गेलोच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते आता आपले ग्राहक नाहीत." बरोबर होतं. जो वैतागून निघून गेला त्याला वैताग का आला हे विचारायची सोय त्या शास्त्रात नव्हती.

एवढ्यात आमच्या ड्रायव्हरच्या कानावर आलं की ज्या फेरीला कमी गुण पडतील तिच्या ड्रायव्हरची चौकशी होणार. त्याने बोईसरच्या दुकानांतून फिरून हात जोडायला सुरुवात केली, "पोराबाळांचा धनी हाय, दहा बोला." लोक दहा बोलले. लोकांचं काय जातं? हल्ली मला घरी गॅस देऊन जाणारा मुलगाही दारात तसाच उभा राहतो आणि म्हणतो, "मावशी, फोन आला तर पाच स्टार सांगा." मी सांगते. त्याच्या सिलिंडरबद्दल माझं काय मत आहे ते त्याला किंवा त्याच्या कंपनीला काडीचं कळत नाही, पण पोरगा बरा आहे.

महिन्याअखेर धाकट्या शेठांनी हिशोब मांडला. बोईसरचं समाधान वर, वाड्यांचं समाधान त्याच्याही वर, आणि तळाला आमची आळी, इतकी खाली की त्यांना वाटलं आपली बेरीज चुकली. त्यांनी परत बेरीज केली. बेरीज बरोबर होती, बिचाऱ्या बेरजेचा यात काही दोष नव्हता.

"ह्या बायका इतक्या दुःखी आहेत," ते मला म्हणाले, "आणि आपण त्यांना रोज बर्फ देतो."

मी म्हटलं, "शेठ, सगळ्यात जास्त बर्फ त्याच घेतात. वाईट असता तर घेतला असता का?"

"म्हणजे सगळ्यात जास्त असमाधान तिथेच जातंय."

"त्यांची बोलायची रीतच ती आहे. दोन म्हणजे हवाय. दहा म्हणजे नकोय, पण तुम्ही पाहुणे आहात."

"तुमचं गाव आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतं," ते मायेने म्हणाले. मला माझा पगार दिला, आभार मानले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून किनाऱ्यावरची लॉरी बंद करून ती समाधानी लोकांकडे वळवली. वाड्यांमध्ये, जिथे बर्फ माडावरून पडल्यावर लागायचा, तिथे रोज लाद्या जायला लागल्या. तिथल्या लोकांनी सभ्यपणे त्या घेतल्या, आणि चिकूच्या मुळांशी वितळू दिल्या असं मी ऐकलं.

आता आमच्या आळीचं ऐका. तिथे कुणीच घाबरलं नाही. पहिल्या दिवशी लॉरी आली नाही तेव्हा आईने रस्त्याकडे बघून समाधानाने मान हलवली. "शिकला गो," ती म्हणाली. "पायरी उतरतोय." बायकांचं एकमत झालं की धाकट्या शेठने आता पाठ फिरवली आहे आणि आपण हाक मारायची तो वाट बघतोय. आणि आधी हाक मारेल त्याचा भाव पडतो, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. मी घसा फोडून सांगितलं की हा व्यवहार नाही, तो खरंच गेलाय, त्याने कागदावर बेरीज केली आहे. आई मला म्हणाली, "तू मॅट्रिक झाली, पन तुला मानसं कळत नाय."

नारळीपौर्णिमा होऊन होड्या बाहेर पडलेल्या होत्या. पापलेटाचे दिवस. रोज सकाळी बायका रस्त्याकडे पाठ करून बसायच्या, लॉरीची वाट आपण बघत नाही हे लॉरीला कळावं म्हणून. लॉरी नव्हतीच, तेव्हा तिला कळणार कसं? आणि दलाल परत विडी ओढत उभा राहायला लागला. पहिले दोन-तीन दिवस त्याने भाव बरा दिला. मग त्याच्या लक्षात आलं की बर्फ संपला आहे. त्याने आईच्या पापलेटांकडे नजर टाकली, आकाशाकडे नजर टाकली, आणि इतका पडता भाव सांगितला की आईला वाटलं तो थट्टा करतोय. आईने पाठ फिरवली, सावकाश चालली, चुंबळ सोडली, वळली. दलालाने हाक मारली नाही. त्याला मारायची गरज नव्हती. थोड्या वेळाने आईच परत आली आणि तिने मासळी त्याच्या भावाने दिली. मी तिथेच होते.  धाकटे शेठ समोर असते तर मी त्यांच्या त्या समाधानाच्या कागदांची त्यांच्याच बुटांत होळी केली असती.

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस वडिलांची होडी काठोकाठ भरून आली. एवढी पापलेटं त्या हंगामात कुणी बघितली नव्हती. अशी मासळी आली की घरात सण असतो. त्या दिवशी आई होडीकडे बघून वाळूतच बसली. उन्हं चढेपर्यंत निम्मी मासळी दलालाने नेली, निम्मी त्यालाही नको झाली, ती नारळाच्या मुळांत खतासाठी पुरली. संध्याकाळी आईने लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "चल बोईसरला. हाक मारायला."

कारखान्यात धाकटे शेठ एकटेच होते. आईने सवयीने सुरुवात केली, "कसला तुजा बरफ, कसली तुजी लॉरी." त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "बाई, मला माहीत आहे. म्हणूनच मी तुम्हाला त्रास देणं बंद केलं."

आई माझ्याकडे बघायला लागली. इतक्या दिवसांत तिला आता कुठे कळलं की समोरचा माणूस पायरी उतरत नव्हता, तो घरी जाऊन झोपला होता.  मग तिने पदर डोक्यावर घेतला, जसा देवळात घेतात, आणि म्हणाली, "तुजा बरफ चांगला हाय. त्याच्यावर माजं घर चालतं. लिव. दहा."

आईच्या तोंडून विकत घ्यायच्या वस्तूबद्दल 'चांगला' हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. तो तिला उच्चारायला जड गेला, आणि मला ऐकायला त्याहून जड गेला. धाकट्या शेठांना मात्र आनंद झाला. त्यांनी दहा लिहिले, आईला चहा पाजला आणि उद्यापासून लॉरी पाठवतो म्हणाले.

लॉरी आली. पुढच्या सीटवरून मोठे शेठ उतरले. आदल्या रात्रीच मुंबईहून परत आले होते, डोळ्यांवर काळा चष्मा, ड्रायव्हरचा हात धरलेला. आईचा आवाज कुठून येईल ते शोधत होते. ड्रायव्हरने भाव सांगितला. तो वाढला होता. समाधानी ग्राहक थोडा जास्त भाव आनंदाने देतो, असं धाकट्या शेठांच्या शास्त्रात होतं, आणि आईच्या दहाचा त्यांनी लगेच उपयोग केला होता.

मोठे शेठ हसत म्हणाले, "बोला बाई. किती दिवस झाले. बोला."

आई गप्प.

"बाई आहेत ना?"

"हाय," आई म्हणाली. "काय बोलू शेट? मी चांगला म्हटलंय. तुमच्या पोराला दहा दिलेत."

मोठ्या शेठांचं हसू मावळलं. ते ड्रायव्हरकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "यांना जुन्या भावाने दे."

"नको," आई म्हणाली. "बोलून कमी केला असता तर घेतला असता. असा नको."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी काही दहा दिले नव्हते. त्या लॉरीवर तुटून पडल्या, शेठच्या चष्म्यापासून लॉरीच्या चाकांपर्यंत सगळ्याला नावं ठेवली आणि भाव जुन्या जागी आणला. आईने तोवर नवा भाव देऊन टाकला होता. लादीचं एक टोक धरायला तिने मला हाक मारली. तिचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो मला मुळीच आवडला नाही.